अर्धलीने राखलेले नाणे

मी, शेषेराव ग्यानोबा पांडागळे, वय वर्षे ७४, धंदा जनावरांची दलाली (सात वर्षांपासून बंद), राहणार कंधार, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही, गोड बोलून भुलवलेले नाही. गोड बोलून भुलवणे हा पन्नास वर्षे माझाच धंदा होता, तेव्हा तो प्रयत्न कोणी करूही नये.

माझे दोन्ही कान शाबूत आहेत. ही गोष्ट माझ्या घरच्यांना या कागदावरूनच कळेल.

तालुक्याच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याशिवाय जनावरांचे डॉक्टर मल्लिनाथ हिप्परगे यांना साक्षीला बसवत आहे. वकीलसाहेब म्हणाले, "गुरांचा डॉक्टर कशाला?" मी म्हणालो, माणसांच्या डॉक्टरने मला दहा मिनिटे पाहिले, मल्लिनाथरावांनी चाळीस वर्षे बाजारात पाहिले आहे. मी कधी शुद्धीवर असतो आणि कधी नसतो, हे त्यांना जास्त कळते.

सन २०१४ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द समजावे. त्यात घर होते, प्लॉट होता, पोस्टातली ठेव होती. पण त्यानंतर माझ्या दावणीला असे एक जनावर आले, की त्याला मालमत्ता म्हणावे का जुगार, हेच कोणी सांगेना. एका वर्षी बँकांनी त्याच्यापुढे दार लावले. पुढे ते दार कोर्टाने उघडायला लावले. मग बंदी येणार म्हणून बोभाटा झाला, आणि बंदीऐवजी आला तो कर, तीस टक्के. वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की सरकार ज्याच्यावर कर घेते ते नाही असे सरकारला म्हणता येत नाही. पुरता कायदा होणार म्हणतात. कधी, ते त्यांनाही माहीत नाही. मी मात्र थांबू शकत नाही. म्हणून हा नवा कागद.

आज दि. ११ जानेवारी २०२६ रोजी लिहायला बसलो आहे.

कलम १. कंधार येथील किल्ल्याच्या अंगाचे तीन खोल्यांचे घर, पुढची पडवी आणि मागचा गोठा, हे सर्व माझी पत्नी सौ. तारामती हिच्याकडे ती आहे तोवर राहील. तिच्यानंतर दोन्ही मुलांचे सारखे. घर १९८८ साली बांधले. पाया मी भरला असे मी लोकांना सांगतो, पण पायाचे दगड तिने स्वतःच्या डोक्यावरून आणले आहेत. तिला या घरातून कोणी "आई, आता लातूरला चला, तिथं बरं पडंल" असे म्हणून हलवू नये. तिला जायचे असेल तर ती स्वतः पिशवी भरते. मी पंचेचाळीस वर्षे बघत आलो आहे, पिशवी भरलेली दिसली की मग विचारायचे असते, आधी नाही.

कलम २. औसा येथील दीड गुंठ्याचा प्लॉट माझी मुलगी सौ. शिवांगी हिला. ती तिथेच दिली आहे, तिला उपयोग होईल. शिवांगी नऊ वर्षांची असताना बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजायची आणि "चार दाती हाय, आण्णा" म्हणून गिऱ्हाइकासमोर खरे बोलायची. माझे दोन सौदे तिने मोडले. त्या दोन सौद्यांची भरपाई म्हणून तिला काही कमी देत नाही. उलट त्या दोन गिऱ्हाइकांनी पुढे आयुष्यभर माझ्याकडूनच जनावर घेतले, म्हणून पोस्टातल्या ठेवीपैकीही चौथा हिस्सा तिला. बाकी ठेव तारामतीची.

कलम ३. धंद्याची हत्यारे: एक वेताची काठी, तीन कासरे, एक पितळी घुंगरमाळ. काठी आणि कासरे ज्याला जनावर पाळायचे त्याने न्यावेत. आमच्या घरात आता ते कोणी करत नाही, तर शेजाऱ्यांनी न्यावेत.

घुंगरमाळ देगलूरचा दलाल मल्लेश याची आहे. १९९१ साली हाळीच्या बाजारात त्याने मला एक खिलारी बैल विकला. मी जनावर कानाने घेतो हे त्याला माहीत होते. श्वास कसा चालतो, खूर कसा पडतो, रवंथ करताना दाढ कशी वाजते, हे ऐकून मी भाव सांगायचो. बैलाला दमा होता. म्हणून या गड्याने त्याच्या गळ्यात ही भली मोठी घुंगरमाळ बांधली आणि बैलाला एक क्षण उभा राहू दिला नाही. मला घुंगरांशिवाय काही ऐकू आले नाही. घरी आणून माळ काढली, तर बैल भात्यासारखा वाजत होता. पुढच्या आठवड्यात गाठले, तर म्हणतो, "शेषन्ना, बैल इकला, संगं गाणंबी दिलं. वर आणि काय पायजे?" त्याच्याशी सहा महिने बोललो नाही. सातव्या महिन्यात त्याच्याच लग्नात वाढायला उभा होतो.

मल्लेशला ती माळ परत द्यावी. सोबत माझे कानाचे मशीनही द्यावे. ते सुदर्शनने २०२० मध्ये लातूरहून आणले, डबा एकदाच उघडला आहे. मल्लेशला आता खरेच ऐकू येत नाही. मला येते. मागे एकदा लातूरला पाहुण्यांच्या गप्पांत मन लागेना, म्हणून ऐकू येत नसल्यासारखा बसलो. ते इतके सोयीचे पडले, की तसाच बसत गेलो. याबद्दल घरच्यांची माफी मागतो. मशीनचे पैसे वाया गेले नाहीत, योग्य कानात जात आहेत.

कलम ४. माझा मुलगा चि. सुदर्शन, धंदा कर सल्लागार, राहणार लातूर. त्याला घरातला निम्मा हिस्सा वर लिहिलाच आहे. त्याच्याविषयी आणखी पुढे लिहिले आहे.

कलम ५. आता ज्याच्यासाठी हा कागद आहे ते. बिटकॉइन नावाचे नाणे, तेही एक पुरते नाही, नाण्याचा नऊ दशांश भाग घेतला होता, त्यातून थोडे विकले आहे. हे नाणे दिसत नाही, हातात येत नाही, आणि वाजत नाही, त्यामुळे मला ते पारखताही येत नाही. आजचा भाव लिहीत नाही. शाई वाळेपर्यंत तो बदलतो. इतकेच लिहितो, की एका बैलाच्या किमतीत घेतले आणि आज त्यात बैलांचा अख्खा बाजार येईल.

हे नाणे माझ्या नावावर आहे. पण ते अर्धलीने ठेवलेले आहे.

वाचणाऱ्यांत शहरातले कोणी असतील म्हणून अर्धल म्हणजे काय ते सांगतो. जनावर एकाचे, राखणारा दुसरा. चारापाणी, दुखणेखुपणे, लांडगा आणि चोर, सगळे राखणाऱ्याने बघायचे. मूळ जनावराची किंमत धन्याची. वाढ झाली ती निम्मी निम्मी. कागद करत नाहीत. राखणारा वर्षातून एकदा जनावर आणून धन्याला दाखवतो. मेले तर मेलेले आणून दाखवतो.

मी एकोणीस वर्षांचा असताना भोकरच्या बाजारातून लोकांची जनावरे कंधारपर्यंत पायी हाकत आणायचो. मजुरीतून दोन शेळ्या घेतल्या. त्या बांधायला जागा नव्हती, कारण मलाच जागा नव्हती. बौद्धवाड्यातल्या सरजाबाई कांबळे यांनी त्या अर्धलीने घेतल्या. पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. एक दिवस सरजाबाई मेलेली शेळी खांद्यावर घालून अडीच कोस चालत मी खडी फोडत होतो त्या कामावर आल्या. शेळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "बघून घ्या, धनी. हिला म्या कापली न्हाई, इकली न्हाई. भुकंनं मेली." मला तोवर कोणी धनी म्हटले नव्हते. दुसरी शेळी त्यांनी जगवली. त्या शेळीच्या वाढीतून माझा पहिला बैल आला, आणि त्या बैलातून माझा धंदा. ही हकीकत मी मुलांना सांगितली आहे, पण ती जेवताना सांगितली, आणि जेवताना कोणी ऐकत नाही.

सरजाबाईंचा धाकटा मुलगा आनंदराज. कंधारला बसस्टँडजवळ त्याचे इंटरनेटचे आणि झेरॉक्सचे दुकान होते. २०१६ च्या नोटबंदीत जनावरांचा बाजार बसला, कारण तिथे सगळे रोकडीचे. एका गिऱ्हाइकाने बैलाचे अठ्ठेचाळीस हजार माझ्या बँकेच्या खात्यात टाकले म्हणून सांगितले. मला ते खरे वाटेना, म्हणून आनंदराजकडे बघायला गेलो. त्याने आकडा दाखवला.

"आले का, काका?"

"हातात कुठं आलेत? दिसून राहिले नुसते."

"मग न दिसणाऱ्या पैशात एक न दिसणारं जनावर घ्या की."

आणि त्याने मला हे नाणे समजावले. मी विचारले, "खातं काय?"

"काही खात न्हाई."

"दूध देतं?"

"न्हाई."

"मग करतं काय दिवसभर?"

"कधी वाढतं, कधी घटतं."

"आमच्या धाकट्या साडूसारखं हाय म्हणायचं."

तो इतका हसला, की झेरॉक्सला आलेली पोरे बघायला लागली. पण हसून झाल्यावर त्याने हिशेबाने समजावले, आणि बुडाले तर सगळे बुडेल हेही सांगितले. जो दलाल खोट आधी सांगतो त्याच्याकडून मी आजवर रिकाम्या हाताने परत गेलेलो नाही. मी म्हणालो, "पैसे माझे, राखण तुझी. अर्धल." तो म्हणाला, "अर्धल." दोन चहा घेतले, चहाचे पैसे त्याने दिले. कागद झाला नाही.

त्याने ते राखले. त्या नाण्याची किल्ली म्हणजे इंग्रजीतले बारा शब्द. ते ज्याच्याकडे, नाणे त्याच्या हातात. ते शब्द त्याने जपले. तीन फोन बदलले, तिन्ही वेळा जनावर नीट नव्या दावणीला नेले. "दुप्पट करून देतो" म्हणणाऱ्यांचे फोन आले, त्याने ठेवून दिले. २०१८ ला बँकांनी दार लावले तेव्हा भाव पडला आणि मी घाबरून म्हणालो, "इकून टाक." तो म्हणाला, "काका, माळावर लांडगा दिसला म्हणून कोणी गाभण शेळी इकतं का? भोवतीनं वाघुराची जाळी लावून राखत बसायचं." आणि दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी येऊन फोनवर दाखवून जायचा: हे बघा, जिवंत आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आनंदराज हृदयविकाराने गेला. बेचाळीस वर्षांचा होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने त्याची बायको रेणुका माझ्या दारात आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. म्हणाली, "काका, तुमचं जनावर आमच्या दावणीला हाय. दावं कुणाच्या हातात देऊ?"

तिला त्याची किंमत माहीत होती का, हे मी नंतर विचारले. "हाव, रोज बघायचे की," म्हणाली. म्हणजे सगळे कळत होते. बारा शब्द तिच्या हातात, नवरा गेलेला, पदरात शाळेतली मुलगी, आणि मला तर फोन लावायलाही दुसरा लागतो. तिने ते सगळे एका दुपारी नेले असते तर मी कोणत्या चौकीत जाऊन काय सांगितले असते? मी म्हणालो, "राहू दे, बाई, तिथंच. राखणारा बदलला, अर्धल तीच." तेव्हापासून तीच दुकान चालवते आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तीच दाखवायला येते.

कलम ६. २०२३ मध्ये तारामतीच्या गुडघ्याचे ऑपरेशन नांदेडला केले, त्यासाठी नाण्याचा थोडा भाग विकला. बैलाची मूळ किंमत त्यातून वसूल झाली. म्हणजे आता जे उरले आहे ती सगळी वाढ आहे, आणि वाढ निम्मी निम्मी असते.

तेव्हा विवरणपत्र सुदर्शनने भरले. या मालमत्तेसाठी त्यात आता वेगळा तक्ता असतो. मी शेजारी बसलो होतो. "कितीला घेतलं" याची चौकट होती, "कितीला विकलं" याची होती. मी विचारले, "राखणाऱ्याचा वाटा कुठं लिवायचा?"

"तशी चौकट न्हाई, आण्णा. घेतल्याची किंमत सोडून दुसरं काही वजा धरत न्हाईत."

"सात वर्षं राखलं त्याचं काय?"

"कायद्यात राखणं न्हाईच."

मला हे पटले नाही, पण समजले. सरकारने जनावर ओळखले, धनी ओळखला, राखणारा मात्र त्याला दिसला नाही. जोवर सरकारला हे जनावरच मान्य नव्हते, तोवर आमचा दोघांचा शब्द पुरत होता. आता नाव लागले, ते एकाचेच.

मी म्हणालो, "मग मी रेणुकाला तिचा निम्मा आत्ताच देऊन टाकतो." सुदर्शन म्हणाला, "आत्ता नको." मी विचारले, "काहून?" तो उठला आणि पाणी प्यायला गेला. पुढच्या वर्षी विचारले, "आत्ता नको, आण्णा, थांबा." गेल्या दिवाळीला विचारले, तेच उत्तर, आणि नजर जमिनीकडे. मी पन्नास वर्षे बाजारात बसलेला माणूस आहे. नजर खाली घालून "आत्ता नको" म्हणणाऱ्याला भाव पाडायचा असतो, हे मला ठाऊक आहे.

~~कलम ७. वरील कारणास्तव असे लिहून ठेवतो, की माझा मुलगा सुदर्शन याला रेणुकाचा वाटा खुपतो आणि कागद नाही याचा तो फायदा घेईल अशी माझी खात्री झाली आहे. सबब सदर नाण्यातील काहीही सुदर्शनला मिळू नये. संपूर्ण नाणे रेणुका आनंदराज कांबळे हिने घ्यावे. सुदर्शनने उजर-हरकत केल्यास त्याने घरातल्या हिश्श्यावरही पाणी सोडावे.~~

(कलम ७ मी दि. ९ फेब्रुवारी २०२६ रोजी स्वतः खोडले. बाजूला सही केली आहे. वकीलसाहेबांनी कागद नव्याने लिहायला सांगितले; मी नाही म्हणालो. खोडले ते वाचता येईल असेच खोडले आहे. माझी चूक मुलाने वाचावी.)

कलम ८. दि. ८ फेब्रुवारीला मी लातूरला सुदर्शनकडे होतो. रविवार, सकाळचे अकरा. मी गॅलरीत बसून ओला हरभरा सोलत होतो. आत स्वयंपाकघरात सुदर्शन आणि सूनबाई पुनम. दोघांच्या हिशेबाने मी बहिरा, म्हणून दार उघडेच.

पुनम म्हणाली, "आण्णा आज पुन्हा विचारणार. तुम्ही सांगून का टाकत न्हाईत? त्यांना वाटत असंल, ह्यालाच सगळं पाहिजे."

"वाटू दे."

"वाटू दे काय? बाप हायेत."

"बाप हायेत म्हणूनच. आत्ता जिवंतपणी दिलं, तर ते रेणुकावहिनीचं उत्पन्न धरतील. एवढ्या रकमेवर कर भरायला तिला दुकान विकावं लागंल. मृत्युपत्रानं गेलं, तर घेताना तिला काही लागत न्हाई, पुढं विकील तेव्हा काय ते लागंल. सरळ रस्ता तेवढा एकच हाय."

"मग हेच सांगा की त्यांना."

"काय सांगू? आण्णा, मृत्युपत्र लिवा? आण्णा, तुम्ही गेल्यावर बरोबर जमतंय सगळं? कोणत्या तोंडानं म्हणू, पुनम?" मग थोडा वेळ नळाचे पाणी. मग पुन्हा तोच, हलक्या आवाजात: "दिवसाला दहा लोकांना फीस घेऊन हेच सांगून राहिलो मी. घरी आलो की जीभ उचलत न्हाई."

मला वाटते, पुनमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला असावा, बांगड्या वाजल्या.

आमच्या घरात निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. बांगडी फुटली तर "वाढली" म्हणतात. हे आम्हीच शिकवले. अशा घरात वाढलेला मुलगा बापाला "मृत्युपत्र करा" असे सांगणार कसा? त्याला जीभ नव्हती, असे नाही. ती आम्हीच बांधली होती. आणि जनावराचा श्वास ऐकून भाव सांगणाऱ्या माणसाने, तीन वर्षे, स्वतःच्या मुलाचे दोन शब्द ऐकले आणि त्यांच्यामागे अडकलेला श्वास ऐकला नाही.

मी हरभरा सोलत राहिलो. थोड्या वेळाने सुदर्शन बाहेर येऊन माझ्या कानाशी ओरडला, "आण्णा, चहा घेता का?" मी म्हणालो, "अं?" तो आणखी मोठ्याने ओरडला. शेजारच्या गॅलरीतला माणूस म्हणाला, "घेतो म्हणा, काका!"

दुसऱ्याच दिवशी कंधारला येऊन कलम ७ खोडले. आता त्या जागी असे लिहून ठेवतो:

(अ) माझ्या नावावरील सदर नाण्याचा जो भाग माझ्या पश्चात शिल्लक असेल, त्याचा बरोबर निम्मा हिस्सा रेणुका आनंदराज कांबळे हिला मिळावा. ही देणगी नाही. बक्षीस नाही. उपकार तर मुळीच नाही. आधी आनंदराजने आणि मग तिने राखले, त्याचा हा वाटा आहे. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते वकीलसाहेबांनी बघावे. आमच्यात अर्धल म्हणतात.

(आ) उरलेल्या निम्म्याचे तीन सारखे भाग: तारामती, सुदर्शन, शिवांगी.

(इ) या मृत्युपत्राचा व्यवस्थापक सुदर्शन. दुसऱ्या कोणाला नेमावे असे वकीलसाहेबांनी सुचवले होते, ज्याचा यात हिस्सा आहे त्याला नको म्हणून. मी त्याच्यावरच सोपवतो. ज्याने बापाच्या नजरेत तीन वर्षे लोभी ठरणे पत्करले, पण त्या बाईचे दुकान जाऊ दिले नाही, त्याच्यापेक्षा भरवशाचा माणूस मला कंधार, लोहा, औसा कुठल्याच बाजारात सापडणार नाही.

(ई) बारा शब्द या कागदात लिहिलेले नाहीत. शोधू नयेत. ते रेणुकाकडे आहेत आणि तिथेच राहतील. माझ्या पश्चात सुदर्शनने एकट्याने तिच्याकडे जाऊ नये. तारामतीला घेऊन जावे आणि आधी चहा घ्यावा.

कलम ९. आज दि. २२ फेब्रुवारी २०२६, रविवार. सही करण्याआधी सगळ्यांना कंधारच्या घरी बोलावले आणि हा कागद पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवला. जे झाले ते इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी "आम्हाला माहीत नव्हते" म्हणणार नाही.

कानांचे वाचले तेव्हा शिवांगी ओरडली, "आण्णा! म्हणजे आजवर सगळं?" मी म्हणालो, "सगळं." ती कपाळाला हात लावून बसली. तारामती म्हणाली, "मला ठावं व्हतं. ह्यांना ऐकू येतंय, ऐकायचं नसतंय. लगीन झाल्यापास्नं हाय तसंच हाय ते."

कलम ७ मी खोडलेलेही वाचले. वाचताना अडखळलो. सुदर्शन म्हणाला, "राहू द्या, आण्णा." मी म्हणालो, "ऐक." आणि पुरे वाचले. मग कलम ८ वाचले. स्वयंपाकघरातले बोलणे आले, तेव्हा पुनम उठून आत गेली. सुदर्शन जागचा हलला नाही. चष्मा काढून पुसत बसला, आणि काचा पुसून झाल्या तरी पुसत राहिला.

रेणुका दाराजवळ बसली होती. तिला खुर्ची दिली तरी ती तिथेच बसते. वाचून झाल्यावर म्हणाली, "काका, निम्मं लई होतंय. तुमच्या लेकराबाळांचं हाय. चौथाई द्या, पुष्कळ झालं."

मी उत्तर देणार, तोच सुदर्शन बोलला. चष्मा डोळ्यांवर चढवून, ऑफिसात गिऱ्हाइकाशी बोलतो त्या आवाजात.

"वहिनी, अर्धलीत सूट बसत न्हाई."

"असं कोणत्या कायद्यात लिवलंय, भाऊ?"

"कुठंच न्हाई. म्हणून तर आण्णांना लिवावं लागलं."

ती हसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मग सुदर्शन माझ्याकडे वळला. म्हणाला, "आण्णा, तुमच्या पश्चात…" आणि थांबला. मी वाट पाहिली. मला ऐकू येते हे आता त्याला माहीत होते, त्यामुळे मोठ्याने बोलायची गरज नव्हती. अगदी हळू म्हणाला, "तुमच्या पश्चात मी स्वतः वहिनीच्या नावावर करून देईन."

त्याने वाक्य पुरे केले. मी पेन उघडले.

वरील सर्व मजकूर माझा आहे, खाडाखोडीसह. हे माझे शेवटचे लिहिणे असावे अशी घाई नाही, पण लागले तर हेच धरावे.

लिहून देणार: शेषेराव ग्यानोबा पांडागळे (सही)

आम्ही खाली सही करणारे, शेषेराव पांडागळे यांनी आमच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने, मजेत सही केली असे सांगतो. आमचा या मालमत्तेत कोणताही हिस्सा नाही.

साक्षीदार १: डॉ. मल्लिनाथ बसवंतप्पा हिप्परगे, पशुवैद्यकीय अधिकारी (सेवानिवृत्त), राहणार कंधार (सही)

साक्षीदार २: श्रीमती जगदेवी शिवराज मठपती, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार कंधार (सही)

ठिकाण: कंधार, जि. नांदेड
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६, दुपारी साडेबारा